उत्तर पाठवले असल्यास दुर्लक्ष करावे

आमच्या ऑफिसात फोनची लाइन एकच होती. तिच्यावरच फॅक्स आणि तिच्यावरच इंटरनेट. साहेबांनी केबिनमधून रिसीव्हर उचलला की माझा मेल अर्ध्यात तुटायचा आणि मी मेल उघडत असले की साहेबांचा फोन लागायचा नाही. त्यामुळे काचेच्या दाराच्या दोन बाजूंना बसून, एक शब्दही न बोलता, आम्ही दिवसातून कितीतरी वेळा एकमेकांवर चिडलेले असायचो.

हे रत्नागिरीतलं विद्यापीठाचं उपकेंद्र. मुख्य कार्यालय मुंबईला. जिल्ह्यातल्या कॉलेजांकडून माहिती गोळा करून वर पाठवायची आणि वरून आलेली परिपत्रकं खाली पोचवायची, असं आमचं मधल्यामधलं काम. मी वरिष्ठ लिपिक होते. माझ्यावर हेडक्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. त्यांच्यावर साहेब. भाऊसाहेब लांज्याकडच्या एका खेड्यातले, शेतकरी घरातले, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले. माझ्या नवऱ्याची आणि त्यांची जुनी ओळख, म्हणून ऑफिसातही ते मला वहिनीच म्हणत.

पूर्वी टपाल यायचं. पोस्टमन अकराच्या सुमाराला गठ्ठा टाकून जायचा, भाऊसाहेब तो फोडायचे, आवक नंबर घालायचे, आणि बारा वाजेपर्यंत आम्हाला कळलेलं असायचं की आज काय आहे. कधी कमी असायचं, कधी डोक्यावरून पाणी जाईल इतकं. पण बारानंतर त्यात भर पडायची नाही. संध्याकाळी टेबल आवरून मी मारुती मंदिरापर्यंत चालत जायची, वाटेत भाजी घ्यायची आणि भाजी घेताना माझ्या डोक्यात भाजीच असायची.

दोन हजार सालानंतर वर्षा-दोन वर्षांत मेल आला. आधी सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. मुंबईची माहिती क्षणात येणार, आपली क्षणात जाणार. कॉम्प्युटरचा कोर्स मी एकटीनेच केलेला, त्यामुळे मेलचं काम आपोआप माझ्याकडे आलं. साहेबांनी तोंडी आदेश दिला, प्रत्येक मेलला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. शिवाय प्रत्येक मेल छापून भाऊसाहेबांच्या टेबलावर, म्हणजे आवक नंबर पडेल.

सुरुवातीला दिवसाला चार-पाच यायचे. मग ते वाढत गेले. कसे वाढले ते मला नीट सांगता येणार नाही. पाणी चढतं तसे वाढले, पाय ओले झाल्यावरच कळलं. एकाच विषयाचा मेल यायचा, त्याचाच फॅक्स यायचा, मग ‘फॅक्स मिळाला का’ असा फोन यायचा, आणि मी फोनवर बोलत असताना लाइन अडकल्यामुळे तिकडून पुन्हा मेल पाठवलेला असायचा. मराठी परिपत्रकं तर वाचताच यायची नाहीत. मुंबईचा फॉन्ट आमच्याकडे नव्हता, त्यामुळे पानभर नुसत्या चौकटी आणि टिंबं दिसायची. खाली एकच ओळ इंग्रजीत, की दुपारपर्यंत अनुपालन करावे. कशाचं अनुपालन, ते चौकटींत. फोन करून विचारलं की तिकडचा माणूस म्हणायचा, “मॅडम, तसं मेलवर कळवा.”

आणि माहिती काही माझ्या ड्रॉवरमध्ये नसायची. ती कॉलेजांत असायची. मंडणगडच्या कॉलेजचा फोन पावसात चार-चार दिवस मुका. तिथले कारकून कधी खेडपर्यंत खाली येऊन फोन करायचे आणि म्हणायचे, “ताई, लिहून घ्या पटापट, गाडी सुटेल माझी.” मी लिहून घ्यायची, टाइप करायची, पाठवायची. दुसऱ्या दिवशी त्याच माहितीसाठी स्मरणपत्र. लाल अक्षरांत. अत्यंत तातडीचे. त्याखाली नेहमी एकच नाव, मुंबईच्या एका बाईंचं. त्या नावाचा मी इतका धसका घेतला होता की आमच्या शेजारच्या बाईंचं तेच नाव असल्यामुळे कोणी त्यांना जिन्यातून हाक मारली तरी मी दचकायची.

मी त्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर त्या स्पष्ट होत्या. जाड, चष्मा नाकावर, हातात लाल पेन. एका मेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं, ‘आपणांस याचे गांभीर्य नाही असे दिसते.’ तो मेल मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो शाळेत शिक्षक. म्हणाला, “सोड ना. तिने काय तुला बघून लिहिलंय?” मला तेच तर लागलं होतं.

घरी माझं लक्ष लागेनासं झालं. कढई तापत ठेवून मी खिडकीशी जायची, परत यायची, मग कशाला गेले होते ते आठवायचं नाही. रविवारी आम्ही मुलीला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर जायचो. ती वाळूत खेळायची, नवरा पाय पसरून बसायचा आणि मी उभीच. “बस की,” तो म्हणायचा. मी बसायची आणि लगेच उठायची. परत येताना मी त्यांना नाक्यावर सोडून सायबर कॅफेत शिरायला लागले. फळकुटांच्या आडोशात कॉलेजची पोरं बसलेली, त्यांच्यामध्ये साडी नेसलेली मी. ऑफिसचा मेल उघडून बघायचा, फक्त बघायचा. नवीन आलेले असले की मी ते मोजायची, नसले की वाटायचं कनेक्शन बिघडलंय, आणि मी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहायची.

त्या वर्षी गणपतीला आम्ही सासरी गेलो. सासर नाटे गावाजवळ, राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. मुंबईचे दीर-जावा आलेले, घर माणसांनी भरलेलं. पण मुंबईच्या ऑफिसला सुट्टी एकच दिवस, हे मला माहीत होतं. म्हणजे मेल येत असणार. मी मोदक वळत होते आणि कळ्या पाडता पाडता मनात उत्तरं लिहीत होते.

गौरी यायच्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. सासूबाई अंगणात होत्या.

“गो, आज गौरी यायची घरात आणि तू कुठे चाललीस?”

“राजापूरला. औषध आणायचंय.”

“कसलं?”

“डोक्याचं.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “दुखतंय का फार?” त्या म्हणाल्या. मी मान हलवली. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

एसटी घाटीतून डुलत डुलत गेली. राजापुरात एका एसटीडी बूथमध्ये एकच कॉम्प्युटर होता, हे मला आधीपासून ठाऊक होतं. का ठाऊक करून घेतलं होतं, ते विचारू नये. मी पोचले तर लाइट गेलेले. बूथवाला म्हणाला, “येतील अर्ध्या तासात.” मी बाकावर बसले, उठले, रस्त्याच्या त्या बाजूला गेले, परत आले. लोक हळदीची पानं, तेरडा, फुलं घेऊन घाईघाईने घरी चालले होते. माझ्या ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

लाइट आले. मेल उघडला. पहिला उघडला, स्मरणपत्र. दुसरा, स्मरणपत्र. सगळ्यांची उत्तरं मी निघण्यापूर्वीच पाठवलेली होती. शेवटच्या मेलखाली लिहिलं होतं, ‘उत्तर पाठवले असल्यास दुर्लक्ष करावे.’

ते वाचून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट बाहेर रस्त्यावर आल्यावर मी दोनदा परत बूथकडे वळले. मी एका दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, म्हणजे सासूबाईंना दाखवायला काहीतरी असेल. घरी पोचले तोवर गौर आली होती. जावेने माझ्या वाटचं सगळं केलं होतं.

सुट्टीनंतर ऑफिसात गेले तर साहेब दारातच. त्या काळी मेलच्या पेटीत फार थोडं मावायचं. जोडपत्रांनी ती भरली होती आणि नवे मेल परत जात होते. मुंबईहून साहेबांना फोन आला होता, मंडणगडच्या कॉलेजची परीक्षेची माहिती पोचलेलीच नाही, मुलांचे अर्ज अडकतील. साहेबांनी भाऊसाहेबांना सगळ्यांसमोर उभं केलं.

“तुमच्या खात्याचं तुम्हाला कळत नाही? मला वर काय तोंड दाखवायचं?”

“साहेब, ती माहिती मी पाठवलीये,” मी मधेच म्हणाले. “सुट्टीआधी. दोनदा.”

“मग पोचली का नाही?”

जागेवर जाऊन भाऊसाहेबांनी छापलेल्या मेलांचा गठ्ठा पुढे ओढला आणि नंबर घालू लागले. साहेब तरी काय वाईट होते? त्यांच्या केबिनमधला फोन मला ऐकू यायचा. तिकडून कोणीतरी त्यांनाही असंच बोलत असायचं आणि ते “हो सर, हो सर” म्हणत खुर्चीत आणखी आणखी खाली घसरायचे.

जेवणानंतर भाऊसाहेब म्हणाले, “वहिनी, जरा पंखा वाढवा.”

पंखा पूर्ण वेगात होता. मी वर पाहिलं, मग त्यांच्याकडे. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, उजवा हात छातीवर.

साहेब आणि मी, दोघांनी त्यांना रिक्षात घातलं. साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि दर वळणाला मागे वळून विचारत राहिले, “भाऊसाहेब, बरं वाटतंय ना?” डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, तपासलं, पुन्हा पट्टी काढली. आम्ही बाहेर बाकावर. मग आत बोलावलं.

“हृदयाला काही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मग हे काय झालं?” मी विचारलं.

डॉक्टरांनी भाऊसाहेबांनाच विचारलं, “शेवटचं स्वस्थ कधी बसला होतात?”

भाऊसाहेबांनी खरोखरच आठवून पाहिलं. मग माझ्याकडे वळले. “काय हो वहिनी, आपण कधी बसलो होतो?”

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. साहेब खिडकीबाहेर बघत होते. भाऊसाहेबांना सक्तीची रजा मिळाली. त्यांनी गावी जावं, असं ठरलं. त्यांचं काम माझ्याकडे आलं.

ते दोन-तीन महिने मी कसे काढले कोण जाणे. सकाळी डबा भरताना दात इतके घट्ट आवळलेले असायचे की पुढे पोळी चावताना जबडा दुखायचा. मुलगी मला हाक मारायची आणि मी “पाठवलंय” असं उत्तर द्यायची.

नाताळच्या सुमारास एका दुपारी ऑफिससमोर भाड्याची सुमो थांबली. एक किडकिडीत बाई आत आली. पस्तिशीची असेल. उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळलेली, खांद्यावर गणपतीपुळ्याच्या प्रसादाची पिशवी. तिने आपलं नाव सांगितलं.

मी उठून उभीच राहिले. साहेब आल्यावर राहते तशी.

“दर्शनाला आलो होतो,” ती म्हणाली. “म्हटलं, रोज ज्यांना लिहिते ते ऑफिस बघून तरी यावं. तुम्हीच का त्या?” माझं नाव तिने बरोबर घेतलं. “आमच्या यादीत तुमच्या केंद्रापुढे हेच नाव आहे.”

मी तिला भाऊसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. चहा सांगितला. इतके दिवस मनात घोळवलेली वाक्यं होती, एकेक धारदार. त्यातलं एकही आठवेना. शेवटी मी विचारलं, “आम्ही उत्तर दिल्यावरही तुम्ही पुन्हा का मागता? मुद्दाम?”

“उत्तरं माझ्याकडे येत नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“माझं टेबल पाठवायचं. सकाळी सगळ्या कॉलेजांची आणि केंद्रांची यादी असते, तिच्यावर सरसकट सोडायचं. आलेली उत्तरं दुसऱ्या टेबलावर जातात. तिथल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, मग त्यांची बदली झाली. वर्ष होऊन गेलं. त्या जागी कोणी दिलेलंच नाही.”

“मग आमचे मेल?”

“असतील तिथे. उघडलेले नाहीत.” तिने कपाकडे बघत म्हटलं. “मी साहेबांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. ते म्हणाले, मेलवर द्या.”

मला राग यायला हवा होता. पण मला राजापूरच्या त्या बूथची भिंत आठवली, आणि मंडणगडचे ते कारकून, गाडी सुटेल म्हणून एका दमात आकडे सांगणारे. कोणासाठी? एका रिकाम्या टेबलासाठी. मी चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

“ते गांभीर्य नाही वगैरे तुम्ही लिहिलं होतं,” मी म्हणाले.

“ते आधीपासूनचं वाक्य आहे. नमुन्यातलं. मी फक्त नाव घालते.” मग जरा थांबून म्हणाली, “लागलं का तुम्हाला?”

“लागलं.”

“मला पण अशीच येतात. वरून.”

साहेबांनी मला आत हाक मारली. दहा मिनिटांनी बाहेर आले तर ती खुर्चीत झोपलेली. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं, पट्टीचा हात मांडीवर. तिचा नवरा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “उठवू नका हो. गाडीत झोपत नाही, घरी झोपत नाही. काल पुळ्याला समुद्रासमोर खोली घेतली तर रात्रभर येरझाऱ्या घालत होती.” मी त्याला सांगितलं, गाडीतल्या मुलांना मांडवीच्या जेटीवर फिरवून आणा. तो गेला. मी पंखा कमी केला आणि फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. साहेबांनी काचेतून पाहिलं आणि पुन्हा फायलीत मान घातली.

तासाभराने ती दचकून जागी झाली आणि पहिला प्रश्न विचारला, “किती आले?”

“एकही नाही,” मी म्हणाले. “रिसीव्हर काढलाय.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आम्ही दोघी हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो.

जाण्यापूर्वी आमचं ठरलं. तिचे साहेब सकाळी मीटिंगला जातात तेव्हा ती मला फोन करणार, आणि आदल्या दिवशीच्या ढिगातलं खरोखर काय हवंय तेवढं सांगणार. त्याचं उत्तर मी मेलने न पाठवता फॅक्सने तिच्या खात्यात पाठवायचं. कागद निदान कोणाच्या तरी हातात पडतो.

पहिला आठवडा मला भयंकर गेला. लाल अक्षरं समोर दिसत होती आणि त्यांना हात लावायचा नव्हता. मी हात मांडीखाली दाबून बसायची. पण काहीच झालं नाही. कुणाचे अर्ज अडकले नाहीत. मंडणगडची माहिती फॅक्सने गेली आणि पोचली, असा तिचा फोन आला.

भाऊसाहेब रजेवरून परत आले, थोडे रोडावलेले, काळवंडलेले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मी ज्याला नंबर घालत होतो, ते...?”

“हो.”

दुपारी त्यांनी साहेबांकरता एक टिपणी लिहिली. मेल दिवसातून दोनदाच उघडावा, सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा. एरवी लाइन फोनसाठी मोकळी ठेवावी. मी ती घेऊन त्यांच्याबरोबर आत गेले.

साहेबांनी वाचली. “आणि मधेच काही तातडीचं आलं तर?”

“तातडीचं असेल तर माणूस फोन करतो, साहेब,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि आता फोन लागेल.”

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग सही केली. “वरून विचारलं तर मी बघतो,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दीड-दोन वर्षांनी ब्रॉडबँड आलं आणि लाइन अडकायची बंद झाली, म्हणजे मेल सतत उघडाच. भाऊसाहेब निवृत्त झाले. साहेब बदलले, नव्या साहेबांना ती टिपणी दाखवून पुन्हा सही घ्यावी लागली. माझ्या अंगातली धावपळ काही पूर्ण गेली नाही. अजूनही कोणाच्या घरी गेले की मी दाराजवळची खुर्ची धरते. पण जबडा दुखायचा थांबला, आणि रविवारचं ते कॅफेत शिरणं सुटलं.

मुंबईच्या त्या बाईंची मग बदली झाली, जुने कागद ठेवतात त्या विभागात. तिने शेवटचा फोन केला तेव्हा म्हणाली, “इथे कॉम्प्युटरच नाही. झोप लागते आता. पण दुपारी उगाच हात शिवशिवतात हो.” मी म्हटलं, “माझेही.”

तिच्या जागी एक गृहस्थ आले. त्यांचं पहिलं स्मरणपत्र आलं, तेच लाल, तेच गांभीर्य. या वेळी मी वाट पाहत बसले नाही. मुख्य कार्यालयात फोन लावला, त्या टेबलाचा नंबर मागितला आणि त्यांना गाठलं. त्यांचा आवाज घाबरलेला.

“काय झालं मॅडम? काही राहिलं का आमच्याकडून?”

“नाही हो. रत्नागिरीहून बोलतेय. जेवलात का, ते विचारायला फोन केला.”

मला वाटलं, लाइन तुटली. मग ते म्हणाले, “नाही अजून.”

चार वाजत आले होते.

“मग आधी जेवून घ्या,” मी म्हणाले. “नंतर बोलू. तुमच्याकडे उत्तरं कोण वाचतं, तेही मला विचारायचंय.”

“बरं,” ते म्हणाले. अर्ध्या तासाने त्यांच्याकडून आणखी एक स्मरणपत्र आलं. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं.